बाटलीवरच्या तीन मिरच्या : हॉट सॉसचं तिखट ओळखायचं कसं आणि निवडायचं किती

एका बाटलीवर तीन लाल मिरच्या छापलेल्या असतात. शेजारच्या बाटलीवर पाचपैकी दोन रंगवलेल्या. तिसरीवर नुसतं ‘मीडियम’. कोथरूड असो की विमाननगर, मोठ्या किराणा दुकानात हॉट सॉसच्या फळीसमोर माणूस गोंधळतो तो इथेच. या मिरच्यांमागे सगळ्यांना लागू असं एक माप नाही. प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते आणि ठरवताना तिच्या डोळ्यांसमोर तिचं नेहमीचं गिऱ्हाईक असतं. अमेरिकेत ‘हॉट’ म्हणून विकला जाणारा सॉस ठेचा-भाकरीवर वाढलेल्या माणसाला नुसताच आंबट लागू शकतो. त्याच माणसाच्या डोळ्यांतून कोरियन नूडल्समधली इवलीशी पुडी पाणी काढू शकते.

पुण्यात हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. चिंच-गुळाची गोडसर आमटी रोज खाणारी माणसं इथे आहेत आणि रविवारी सकाळी मिसळीवर तर्री वाढवून मागणारीही आहेत. पुष्कळदा दोन्ही एकाच घरात. शिक्षणाला आणि नोकरीला कोल्हापूर, नागपूर, खानदेशातून आलेली मंडळी आपापल्या तिखटाची सवय बरोबर घेऊन येतात. अशा घरात एक बाटली आणायची तर कुठली? माझं म्हणणं असं की बाटलीवरचा आकडा किंवा चित्र बघून फक्त सुरुवात करायची. जिभेला जाणवणारं तिखट ठरतं ते सॉस किती घातला, कशात घातला आणि कोण खातंय यावर.

आग होते म्हणजे काय होतं

मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच्याच कुळातली आणखी काही. आपल्या षड्रसांत तिखटाला मानाची जागा आहे, पण शरीराच्या हिशेबात ती चव नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यासाठी जिभेवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. कॅप्सेसिन जाऊन बसतं ते वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या मज्जातंतूंवर. तिथल्या ज्या संवेदकाला ते चिकटतं त्याचं शास्त्रीय नाव टीआरपीव्ही१. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापलेली वस्तू लागली की हा संवेदक जागा होतो आणि मेंदूला ‘पोळलं’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन त्याला थंड अन्नातही जागं करतं. मेंदूच्या दृष्टीने निरोप एकच असल्यामुळे तो तोंड निववायच्या मागे लागतो. घाम फुटतो, नाक वाहतं, लाळ सुटते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा संवेदक शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्याबरोबर मिळालं.

ही गोष्ट नुसती माहिती म्हणून सांगत नाही, ताटासमोर बसल्यावर तिचा उपयोग होतो. हाच संवेदक खऱ्या उष्णतेलाही जागा होत असल्याने कढत पदार्थातलं तिखट जास्त झोंबतं आणि गार पदार्थातलं कमी. वाफाळत्या कटातली मिसळ आणि तीच निवलेली मिसळ एकाच पातेल्यातली असली तरी जिभेला वेगळी लागते. झणझणीत मिसळ संपवून लगेच अमृततुल्यात शिरलं आणि पहिला घोट घेतला की जिभेवर पुन्हा भडका उडतो, तोही यामुळेच. कॅप्सेसिनने संवेदक आधीच हळवा झालेला असतो, त्यात चहाच्या उष्णतेची भर पडते. आंबटपणाही त्याला हळवा करतो. व्हिनेगरवाला पातळ सॉस आकड्याच्या मानाने तिखट लागतो, त्यामागे हे एक कारण आहे.

मिरी, आलं, मोहरी यांचं तिखट वेगळ्या द्रव्यांचं असतं. मोहरी फेसली की जी झिणझिणी थेट नाकात जाते, ती उडून जाणाऱ्या द्रव्याची. ती क्षणात चढते आणि क्षणात उतरते. मिरचीचं तिखट असं उडून जात नाही, तोंडाला धरून बसतं. म्हणून मोहरीच्या किंवा वसाबीच्या सॉसला मिरचीचं माप लावण्यात अर्थ नाही.

स्कोविलचा आकडा आणि त्यातल्या फटी

तिखट मोजायचं सगळ्यात प्रसिद्ध माप स्कोविलचं. विल्बर स्कोविल हे अमेरिकी औषधनिर्माणतज्ज्ञ पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत काम करत. १९१२ मध्ये त्यांनी एक साधी रीत बसवली. वाळलेल्या मिरचीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, तो साखरेच्या पाण्यात मिसळायचा आणि चाखणाऱ्या पाच जणांना द्यायचा. तिखट लागलं की आणखी पातळ करायचं. बहुतेकांना तिखट लागेनासं होईपर्यंत अर्क जितक्या पट पातळ करावा लागला, तितके त्या मिरचीचे स्कोविल. आकडा ५,००० असेल तर तो अर्क पाच हजार पट पातळ केल्यावर जीभ शांत झाली.

अडचण उघड आहे. जीभ थकते, आणि प्रत्येकाची जीभ वेगळी. आता प्रयोगशाळेत द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राने कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं थेट मोजतात आणि तो आकडा स्कोविलमध्ये बदलून घेतात. ढोबळ हिशेब असा की दहा लाख भागांत एक भाग कॅप्सेसिन असेल तर सुमारे १६ स्कोविल. शुद्ध कॅप्सेसिन म्हणजे म्हणूनच सुमारे १ कोटी ६० लाख.

आता शिडीवरच्या पायऱ्या. ढोबळी मिरची शून्य. मेक्सिकोची हालापेन्यो २,५०० ते ८,०००. हाबानेरो १ लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत. आसाम-नागालँडकडची भूत जोलोकिया १० लाखांच्या वर; २००७ मध्ये गिनीज बुकात जगातली सगळ्यात तिखट म्हणून तिची नोंद झाली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोलिना रीपरने १५ लाखांपलीकडे जाऊन विक्रम केला, आणि २०२३ मध्ये पेपर एक्सची नोंद झाली ती २६ लाख ९३ हजारांवर. सॉसचे आकडे याच्या मानाने फार खाली असतात. साधा लाल टबॅस्को २,५०० ते ५,००० च्या दरम्यान, लाल स्रिराचा बहुतेक वेळा त्याहूनही कमी.

आपल्याकडच्या मिरच्यांत काश्मिरी आणि बेडगी रंगाला भरपूर नि तिखटाला बेताच्या. संकेश्वरी मधली. गुंटूरची तेजा आणि आपली बुटकी लवंगी जहाल. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचं तिखट करायला मार्केट यार्डात किंवा मंडईच्या आसपास मिरची घ्यायला जाणाऱ्या बायका हे गणित कुठल्याही आकड्याशिवाय करतात. बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी आणि ठसक्यापुरती लवंगी किंवा तेजा. रंग एकीकडून आणि जाळ दुसरीकडून घ्यायचा, ही समज हॉट सॉस निवडतानाही फार कामाची आहे. रंग येतो कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्यांमुळे आणि तिखटपणा कॅप्सेसिनमुळे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. लालभडक दिसणारी बाटली सौम्य असू शकते, आणि फिकट पिवळ्या हाबानेरो सॉसचा एक थेंबही हैराण करू शकतो.

आकड्यात फटी आहेत, आणि त्यांतल्या दोन घरात वापरणाऱ्याने ओळखल्याच पाहिजेत. पहिली अशी की मिरचीचा आकडा साधारणपणे वाळलेल्या मिरचीच्या वजनावर काढलेला असतो. ताज्या मिरचीत बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे ताजी मिरची चावताना तोंडात येणारं प्रमाण बरंच कमी असतं. शिवाय एकाच जातीच्या, एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या नसतात. झाडाला पाण्याचा ताण पडला की तिखट वाढतं. पाव किलो हिरव्या मिरच्यांतली एखादीच मिरची का भाजून काढते, याचा उलगडा इथे होतो.

दुसरी फट जास्त फसवी आहे. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘भूत जोलोकिया’ लिहिलेलं असतं आणि वाचणारा दहा लाखांच्या धास्तीने बाटली परत ठेवतो, किंवा त्याच कारणासाठी उचलतो. ते दहा लाख मिरचीचे, सॉसचे नव्हेत. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पाणी, व्हिनेगर, साखर, टोमॅटो, लसूण आणि मग कुठे तरी शेवटी भूत जोलोकिया, असा क्रम असेल तर नावाने दचकायचं कारण नाही. मिरची पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ती कुठली, हे बघणं महत्त्वाचं. आणि यादीत मिरचीचा अर्क, म्हणजे ओलिओरेझिन, दिसला तर बाटली सावकाश हाताळा. अर्कामुळे मिरचीच्या चवीशिवाय नुसता जाळ वाढवता येतो. मला असे सॉस आवडत नाहीत. त्यांत बहुधा एक कडवट, औषधी वास राहतो आणि पदार्थाची चव त्याखाली दबून जाते.

चमचा की थेंब

समजा वाटीभर, म्हणजे २५० ग्रॅम टोमॅटो सार आहे. त्यात ३,००० स्कोविलच्या सॉसचा एक छोटा चमचा, ५ ग्रॅम, घातला. सॉस पन्नास पट पातळ झाला, म्हणजे साराचं तिखट साधारण ६० स्कोविल. आता ५०,००० स्कोविलचा सॉस घ्या. तेवढंच तिखट आणायला तो ०.३ ग्रॅम लागेल, म्हणजे साधारण सहा थेंब. दोन्ही वाट्या सारख्याच तिखट. फरक हा की पहिल्या वाटीत चमचाभर व्हिनेगर आणि मीठही गेलं, दुसरीत जवळजवळ काहीच गेलं नाही.

या हिशेबातून निवडीचं सूत्र निघतं. सॉसची चव हवी असेल, त्याचा आंबटपणा, लसूण, धुरकटपणा पदार्थात उतरायला हवा असेल तर सौम्य सॉस घ्या आणि सढळ हाताने वापरा. पदार्थाची चव जशीच्या तशी ठेवून फक्त तिखट वाढवायचं असेल तर जहाल सॉस घ्या आणि थेंब मोजा. बहुतेक घरांत गल्लत होते ती इथेच. जहाल बाटली आणतात आणि केचपच्या हाताने ओततात.

आकडा दुप्पट म्हणजे जाणवणारं तिखटही दुप्पट, असं मात्र धरू नका. २,००० आणि ४,००० मधला फरक रोज तिखट खाणाऱ्याला जेमतेम कळेल. ४,००० वरून ४०,००० वर गेल्यावर कुणालाही कळेल. म्हणून खरेदीच्या वेळी नेमका आकडा शोधत बसण्यापेक्षा हजारांतला सॉस, दहा हजारांतला की लाखांतला, एवढं ओळखलं तरी पुरतं.

कशात विरघळलंय

कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं. त्यामुळे सॉस व्हिनेगरचा आहे की तेलाचा, यावर तिखटाची चाल बदलते.

व्हिनेगरचा पातळ सॉस जिभेवर पडताक्षणी चटका देतो आणि बऱ्यापैकी लवकर ओसरतो. टबॅस्को हे त्याचं जुनं उदाहरण. लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर एडमंड मॅकिलेनी यांनी १८६८ मध्ये त्याचा धंदा सुरू केला. त्यात मिरची, मीठ आणि व्हिनेगर एवढंच. मिरचीचा लगदा ओकच्या पिंपांत मुरवतात आणि मग व्हिनेगरमध्ये मिसळतात. तेलकट, तुपकट पदार्थाला असा सॉस छान जातो. आम्लेट, बटाटेवडा, तळलेली सुरमई, चीज टोस्ट यांच्यावर दोन-चार थेंब टाकले की जड चव हलकी होते.

तेलातलं तिखट मागाहून चढतं. तेलात विरघळलेलं कॅप्सेसिन तेल सोडून जिभेपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि तेलाचा थर तोंडात पसरून राहतो. शेजवान चटणी, चिली ऑइल आणि आपली तर्री या सगळ्यांची हीच तऱ्हा. पहिल्या दोन घासांत ‘एवढं काही नाही’ असं वाटतं आणि माणूस तर्री वाढवून मागतो. पाचव्या-सहाव्या घासाला कान तापतात. तर्री नीट बघा. कटावर तरंगणाऱ्या लाल तेलात रंग आणि तिखट दोन्ही उतरलेलं असतं, खालचा रस्सा त्या मानाने सौम्य. चमचा वरून अलगद बुडवून तेल घेतलं तर एक पदार्थ, तळापासून ढवळून घेतलं तर दुसरा. तिखट न झेपणाऱ्याने तर्री बाजूला सारून खालचा कट घ्यावा.

साखर तिखटाची जाणीव दाबते. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ गोडसर रश्श्यासाठी ओळखली जाते, आणि ज्यांना कोल्हापुरी कट झेपत नाही अशांनाही ती खाता येते. स्रिराचा, स्वीट चिली, आंबा-हाबानेरो या सॉसमध्येही साखर भरपूर असते. म्हणून ते आकड्यापेक्षा मवाळ वाटतात आणि हात सैल सुटतो. लहान मुलांच्या ताटात असे सॉस वाढताना जपा. गोडाने सुरुवात होते, तिखट मागून येतं, आणि मूल तोवर तीन घास खाऊन बसलेलं असतं.

चव आणि तिखट यांची जोडी जमवण्यात खरी मजा आहे. चिपोटले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. तिचा धुरकट सॉस मटकीच्या उसळीत किंवा राजम्यात सुरेख मुरतो. हाबानेरोला फळासारखा सुगंध असतो, तो अननस, कैरी, आंब्याबरोबर खुलतो. लसणाचा सॉस थालीपिठाबरोबर, पण लोण्याचा गोळा शेजारी हवाच. दहीभातावर मात्र मला कुठलाच बाटलीतला सॉस पटत नाही, तिथे सांडगी मिरचीला पर्याय नाही. भारतीय बनावटीच्या सॉसमध्ये आता संकेश्वरी, भूत जोलोकिया, केरळची कांतारी अशा आपल्याच मिरच्या येऊ लागल्या आहेत, आणि मराठी जेवणाशी त्या परक्या सॉसपेक्षा जास्त जुळतात असा माझा अनुभव आहे.

तिखट बियांत नसतं

घरी सॉस किंवा ठेचा करणाऱ्यांसाठी हे पक्कं लक्षात ठेवण्याजोगं. एक हिरवी मिरची उभी चिरा. देठापासून खाली उतरलेला पांढरट, मऊ गाभा आणि त्याच्या भिंतीलगतच्या शिरा दिसतील. कॅप्सेसिन तयार होतं ते याच भागात. बिया त्या गाभ्याला चिकटलेल्या असतात म्हणून तिखट लागतात, त्यांचं स्वतःचं तिखट नगण्य. मिरचीच्या टोकाचा नुसत्या सालीचा तुकडा चावून बघा, मग देठाजवळचा गाभ्यासकट तुकडा. एकाच मिरचीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

म्हणून बिया झटकून गाभा तसाच ठेवला तर श्रम वाया. चमचाच्या कडेने गाभा आणि शिरा खरवडून काढल्या की मिरचीचा स्वाद राहतो आणि तिखट खूप उतरतं. शिजवून ते जाईल ही आशा धरू नका. कॅप्सेसिन साध्या उकळीला दाद देत नाही. आमटी तिखट झाली तर ती वाढवा, नारळाचं दूध, दही, गूळ, बटाटा घाला; अजून उकळत ठेवून पाणी आटवलं तर ती आणखीच तिखट होईल.

कोण खातंय

एकच वाटी दोघांना सारखी तिखट लागत नाही. काही भाग जन्मजात, बराचसा सवयीचा. कॅप्सेसिन वारंवार मिळत राहिलं की ते संवेदक बधिरतात. दुखऱ्या सांध्यांवर लावायच्या काही मलमांत कॅप्सेसिन असतं, तेही याच गुणामुळे. म्हणून तिखटाची सवय हळूहळू वाढवता येते, आणि काही महिने मिळमिळीत खाल्लं की उतरतेही. परदेशात दोन वर्षं राहून आलेला मुलगा आईच्या हातच्या रश्श्याला ‘हाय हाय’ करतो, त्याला नावं ठेवू नयेत.

आपल्या ताटाची रचना या बाबतीत मला फार शहाणी वाटते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, ठेचा हे सगळं डाव्या बाजूला. भाजी-आमटी सगळ्यांना झेपेल अशी, आणि ज्याला जितकं हवं तितकं तिखट त्याने आपल्या हाताने घ्यायचं. हॉट सॉसलाही तीच जागा द्या. कढईत ओतलेला सॉस परत काढता येत नाही. आजी, नातू, आम्लपित्ताचा त्रास असलेले काका आणि कोल्हापूरचे जावई एका पंगतीला बसणार असतील तर स्वयंपाक सगळ्यात कमी तिखट खाणाऱ्याच्या मापाने करा आणि बाटली टेबलावर ठेवा.

पहिल्यांदाच घेत असाल तर सगळ्यात लहान बाटली, ५,००० च्या आतली, व्हिनेगरची. रोज ठेचा खाणाऱ्या घराला ती फिकी वाटेल. त्यांनी सरळ हाबानेरो किंवा भूत जोलोकिया असलेला, पण अर्क नसलेला सॉस घ्यावा. आकडा छापलेला नसेल तर घरी चाखून बघा. भाकरीच्या किंवा पावाच्या तुकड्यावर एकच थेंब टाका, चावा, गिळा आणि पुढची दोन मिनिटं काहीच खाऊ-पिऊ नका. आग कधी सुरू झाली, जिभेच्या टोकाला की टाळूला की घशात, किती वेळ टिकली हे बघा. टोकाशी चटकन लागून मिनिटभरात ओसरणारा सॉस रोजच्या वापराला निर्धास्त ठेवा. अर्ध्या मिनिटाने चढायला लागून घशात रेंगाळणारा सॉस पाहुण्यांपुढे ठेवताना सांगून ठेवा. दोन सॉस लागोपाठ चाखू नका, पहिल्याने जीभ बधिरलेली असते आणि दुसऱ्याचा अंदाज चुकतो.

पैजेसाठी तिखट खाण्याची लाट आता कॉलेजच्या कट्ट्यांपर्यंत आली आहे, तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने कोरियातल्या सामयांग कंपनीचे तीन तिखट नूडल्स बाजारातून परत मागवले. कारण दिलं होतं ते पाकिटातल्या कॅप्सेसिनच्या एकूण प्रमाणाचं. पुढे त्यातल्या दोन प्रकारांना परवानगी परत मिळाली, कारण नव्याने हिशेब करताना तिखट फक्त मसाल्याच्या पुडीत असतं हे धरलं गेलं. चमचा आणि थेंबाचा जो हिशेब आपण वर केला, तोच तिथे सरकारी पातळीवर झाला. निरोगी मोठ्या माणसाला नेहमीच्या जेवणातलं तिखट अपाय करत नाही. पण अर्काचे सॉस आणि जहाल मिरच्या एका दमात खाल्ल्या की पोटात कळा, उलट्या, छातीत दुखणं होऊ शकतं. मुलांनी, गरोदर बायकांनी, हृदयाचा, दम्याचा किंवा पोटाच्या व्रणाचा त्रास असणाऱ्यांनी या पैजांपासून लांब राहावं. उपाशीपोटी तर कुणीच नको.

तोंड भाजलंच तर

पाणी पिऊन भागत नाही. गार पाण्याचा घोट तोंडात असेपर्यंत बरं वाटतं, गिळला की आग परत. बिअरही जवळजवळ पाणीच. दूध, दही, ताक हे खरे उपाय. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढतं, त्यामुळे साय काढलेलं दूधही काम करतं. मिसळीबरोबर दह्याची वाटी किंवा मठ्ठ्याचा पेला मागवायची पद्धत शास्त्राला धरून आहे. मठ्ठा गार असतो, त्यात थोडी साखर असते आणि दुधाचं प्रथिनही, म्हणजे तिन्ही बाजूंनी आराम. गटागटा पिऊ नका, तोंडात घोळवून प्या. दूध न चालणाऱ्यांनी चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा जिभेवर विरघळू द्यावा. पावाचा किंवा भाताचा कोरडा घासही थोडं तेल टिपून घेतो.

मिरचीने हाताची आग होत असेल तर आधी खोबरेल किंवा गोडंतेल चोळा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ती बोटांवर पसरते. जहाल मिरच्या चिरताना हातमोजे घाला. आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मिरच्या हाताळण्याआधी लेन्स काढायच्या की घालून ठेवायच्या ते ठरवून टाका, कारण नंतर दोनदा हात धुतले तरी बोटांवर थोडं तिखट उरतं. डोळ्यात गेलंच तर चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने धूत राहा, आणि आग थांबली नाही किंवा दिसायला अंधुक लागलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.